रोपाच्या पेल्यात काय भरावे?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडे घालतो. कृष्णाकाठची काळी, कसदार जमीन तुम्ही पाहिली असेल, निदान ऐकून तरी ठाऊक असेल. कराडपासून मिरजेपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना ही माती पसरली आहे. तिच्यात ऊस डोक्याच्या वर वाढतो, हळद पिकते, सोयाबीन येते. आता अशाच एका शेतातली उत्तम माती आणली, चाळून प्लॅस्टिकच्या एका लहानशा पेल्यात भरली, पेल्याच्या तळाला भोक पाडले, त्यात उसाचा एक डोळा लावला आणि रोज नेमाने पाणी घातले, तर रोप कसे येईल?

"झकास येईल!" असे तुम्ही चटकन म्हणाल. माती तीच, ऊस तोच, पाणी तेच. मग रोपही जोमदार यायलाच हवे.

पण प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. काही डोळे उशिरा फुटतात, काही कुजतात, काही रोपे पिवळी पडून खुरटतात. आणि शेजारच्याच पेल्यात नारळाच्या सोडणाचा तपकिरी भुसा भरलेला असेल, तर त्यातली रोपे मात्र तरारून येतात. त्या भुशात तर झाडाचे अन्न जवळजवळ नसतेच! शेतात पहिला नंबर पटकावणारी माती पेल्यात नापास आणि नुसता भुसा पास, असा हा उलटा निकाल का लागतो? याचे उत्तर शोधायचे तर आधी हे पेले आले कुठून ते पाहिले पाहिजे.

एका डोळ्याची किंमत

उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. डोळा म्हणजे झोपलेला कोंब. ऊस लावताना बी पेरत नाहीत. उसाचे तुकडे करून ते सरीत दाबतात. या तुकड्यांना टिपऱ्या म्हणतात आणि लावणीसाठी राखलेल्या उसाला बेणे. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर एकरी सुमारे १०,००० टिपऱ्या लागतात, म्हणजे २०,००० डोळे. त्यांचे वजन अडीच ते तीन टन भरते. साखर कारखान्यात जाऊ शकणारा एवढा ऊस दर लावणीला मातीत जातो. एवढे डोळे असतात, म्हणून त्यांतले पुष्कळसे न उगवले तरी शेत भरते.

आता दुसरी रीत पाहा. उसाचा एकेक डोळा त्याच्या पेराच्या लहान तुकड्यासह वेगळा काढायचा, ट्रेमधल्या छोट्या पेल्यात लावायचा आणि महिना-सव्वा महिन्याने तयार रोप शेतात न्यायचे. इक्रिसॅट आणि वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थांच्या संयुक्त प्रकल्पाने २००९ मध्ये 'शाश्वत ऊस उपक्रम' या नावाने हीच रीत पुढे मांडली. आज सांगली आणि सातारा जिल्ह्यांत उसाच्या गावांना गेलात, तर हिरव्या जाळीखाली ओळीने मांडलेले असे ट्रे हमखास दिसतात. एका ट्रेमध्ये साधारण ४० ते ७० पेले असतात आणि प्रत्येक पेला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खोल असतो.

रोपे पाच फूट सरीत दोन-दोन फुटांवर लावली, तर एका रोपाच्या वाट्याला १० चौरस फूट जागा येते. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे एकरी ४,३५६ रोपे झाली. कुठे २०,००० डोळे आणि कुठे ४,३५६ रोपे! बेण्याची केवढी बचत! पण आता प्रत्येक डोळा मोलाचा ठरला. पाचांपैकी एक रोप जरी दगावले, तरी एकरात सुमारे ८७० नांग्या पडणार. म्हणूनच पेल्यात काय भरायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न बनतो.

मुळांना हवे तरी काय?

मुळांच्या गरजा चार: आधार, पाणी, अन्न आणि हवा. आपल्या पेल्यात यांपैकी कशाची वाण आहे, ते एकेक करून तपासू.

आधाराची अडचण नाही, कारण रोप अजून बोटभरच आहे. पाणी रोज मिळते. अन्नाचे काय? उसाच्या डोळ्याजवळ पेराचा जो तुकडा असतो, त्यात साखर साठवलेली असते. कोंब पहिले काही दिवस या शिदोरीवर वाढतो. पहिली मुळेही पेरावर जी ठिपक्यांची कडी दिसते तिच्यातून फुटतात. कोंबाची स्वतःची मुळे मागाहून येतात. म्हणजे सुरुवातीला अन्नाचीही घाई नाही.

उरली हवा. झाडाची पाने उन्हात अन्न तयार करताना ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे आपण शिकतो. पण मुळे उजेडात नसतात. ती तुमच्या-आमच्यासारखीच श्वसन करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि त्या कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. हा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत झिरपत येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की वाट बंद होते. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते. म्हणून पाण्यात उभे असलेले रोपसुद्धा कोमेजलेले दिसते.

चांगल्या जमिनीचे आकारमान साधारण निम्मे घन पदार्थांनी आणि निम्मे पोकळ्यांनी बनलेले असते. त्या पोकळ्यांत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली, म्हणजे मुळे सुखात असतात. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण भरपूर असतात. हे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. एक मिलिमीटर लांबीत असे पाचशेहून अधिक कण ओळीने बसतील! कण बारीक, म्हणून त्यांच्यामधल्या पोकळ्याही बारीक. शिवाय ही माती भिजली की फुगते आणि पोकळ्या आणखी आवळल्या जातात.

पण थांबा. मग शेतातला ऊस याच मातीत गुदमरत कसा नाही?

स्पंज काय सांगतो?

एक साधा प्रयोग करा. भांडी घासायचा नवा स्पंज किंवा जुन्या गादीतला फोमचा लांबट तुकडा घ्या. तो पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा. आता तो आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकेल आणि थोड्या वेळाने ठिबकणे थांबेल. दाबू मात्र नका. मग तोच तुकडा हळूच उभा करा. पाहा, खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळू लागले!

स्पंज तोच, त्यातल्या पोकळ्याही त्याच. बदलली ती फक्त उंची. पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात. याला केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल वर चढते, तेही याच बळाने. उलट, गुरुत्वाकर्षण पाण्याला खाली ओढते. पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितकी ही ओढ जास्त. स्पंज आडवा असताना उंची थोडी होती, त्यामुळे केशाकर्षण जिंकले. उभा केल्यावर उंची वाढली आणि वरच्या भागात गुरुत्वाकर्षण जिंकले. मात्र खालच्या टोकाशी स्पंज चिंबच राहिला, हे बोटाने चाचपून पाहा.

रोपाचा पेला म्हणजे आडवा स्पंज. खोल शेत म्हणजे उभा स्पंज.

थोडे गणित

हे आकड्यांतही मांडता येते. बारीक नळीत पाणी किती उंचीपर्यंत धरले जाते, याचे एक सोपे सूत्र आहे: ३ ला नळीच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले, की उंची सेंटिमीटरमध्ये मिळते. व्यास १ मिलिमीटर असेल तर पाणी ३ सेंटिमीटर धरले जाईल. व्यास ०.१ मिलिमीटर असेल तर ३० सेंटिमीटर.

आता आपला पेला ५ सेंटिमीटर खोल आहे. ३ भागिले ५ म्हणजे ०.६. याचा अर्थ, ०.६ मिलिमीटरपेक्षा अरुंद पोकळी या पेल्यात कुठेही असो, ती निथळून रिकामी होणारच नाही! तळाला भोक असले तरीही नाही. चाळून भरलेल्या काळ्या मातीतल्या जवळजवळ सर्वच पोकळ्या याहून अरुंद असतात. पेला तळापासून काठापर्यंत चिंब राहतो.

तीच माती शेतात असेल आणि पाणी एक मीटर खोलीपर्यंत मोकळे निथळत असेल, तर ३ भागिले १०० म्हणजे ०.०३. आता पृष्ठभागाजवळच्या ०.०३ मिलिमीटरपेक्षा रुंद पोकळ्या रिकाम्या होऊ शकतात. पेल्यापेक्षा वीस पट अरुंद पोकळ्यांतसुद्धा हवा शिरते! शिवाय शेतात गांडुळांची बिळे असतात, कुजलेल्या जुन्या मुळांच्या वाटा असतात, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा असतात. मातीतल्या पोकळ्या काही सरळ नळ्या नसतात, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण कोडे त्याने सुटते. माती नापास झाली नाही. तिला उथळ पेल्यात बसवणे चुकले.

यातून आणखी एक गंमत कळते. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची रीत पुष्कळ घरी असते. पण बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वर अडून राहते. खडीने मातीची खोली मात्र कमी होते, म्हणजे चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवावी. तेवढी पुरे.

भुशाचे गुण आणि अवगुण

नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो, त्याला कोकोपीट म्हणतात. नावावरून फसू नका. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनते, ते कोकोचे झाड निराळे. कोकोपीटचा त्याच्याशी काही संबंध नाही. एके काळी काथ्याच्या कारखान्यांबाहेर या भुशाचे ढीग नुसते पडून असत.

कोकोपीटच्या आकारमानापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो. त्याचे कण स्पंजासारखे असतात. कणांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी साठते आणि कणाकणांमधल्या रुंद फटींत हवा राहते. म्हणजे पाण्याचे कोठार आणि हवेची खिडकी दोन्ही एकाच जागी! पाच किलोची दाबलेली वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो. तो हलका असतो, त्यामुळे ट्रे उचलायला सोपे. आणि रोप ओढले, की मुळांसह पेल्याच्या आकाराचा अखंड गड्डा बाहेर येतो, मुळे तुटत नाहीत.

पण कोकोपीटला अवगुणही आहेत. नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड यांचे क्षार असतात. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर ते आणखी वाढतात. म्हणून भुसा गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून निथळून घ्यावा लागतो. दुसरे असे, की कच्च्या भुशात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते. एक भाग नत्राला शंभरावर भाग कर्ब. असा भुसा कुजवू पाहणारे सूक्ष्मजंतू जवळपासचे सगळे नत्र आधी आपणच फस्त करतात. मुळांच्या पंगतीत ते अगोदर जेवून उठतात आणि रोप उपाशी राहून पिवळे पडते. म्हणून भुसा धुऊन, मुरवून, त्यात थोडे गांडूळखत किंवा चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळतात. उसाच्या मुलखात कंपोस्टसाठी साखर कारखान्यातले प्रेसमडही वापरतात.

मग सगळेच पेले शेणखताने भरले तर? नाही. नुसत्या खतात क्षार जास्त आणि कण बारीक. कोवळी मुळे करपतात. नुसती जाड वाळू? तिच्यात हवा भरपूर, पण पाणी टिकत नाही आणि वजनही फार. म्हणूनच मिश्रण करावे लागते. माती, वाळू आणि शेणखत समभाग घेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या भरण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. केरळ-कर्नाटकात कोकोची रोपेही अशा मिश्रणात वाढवतात. तिथे माती चालते, कारण पिशवी चांगली वीतभर खोल असते आणि वाळूने रुंद फटी तयार झालेल्या असतात. पेला जितका उथळ, तितके त्यातले मिश्रण भरड हवे, हा नियम लक्षात ठेवा.

येथे एखादा चौकस वाचक विचारील, "मग जावळी-पाटणकडे भाताचे रोप चिखलात कसे जगते?" प्रश्न अगदी रास्त आहे. भाताच्या मुळांत आणि खोडात हवेच्या लांबलचक पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडची हवा खाली मुळांपर्यंत पोहोचते. पाण्यात बुडी मारणारा माणूस हवेची नळी घेऊन उतरतो, तसेच हे. उसाजवळ भाताइतकी चांगली सोय नाही.

पेल्यातून शेतात

महिना-सव्वा महिन्याने रोप शेतात जाते, तेव्हा नाटकाचा पुढचा अंक सुरू होतो. आता कोकोपीटचा गड्डा काळ्या मातीच्या कुशीत बसला. काळ्या मातीच्या पोकळ्या बारीक, म्हणजे तिची पाण्याची ओढ जबर. ती गड्ड्यातले पाणी स्वतःकडे खेचून घेते. भोवतालची जमीन ओलसर दिसते, पण गड्डा कोरडा पडून रोप सुकू लागते! म्हणून गड्ड्याभोवतीची माती नीट दाबून बसवतात आणि मुळे बाहेरच्या मातीत शिरेपर्यंत थोडे थोडे पाणी वरचेवर देतात. रोप ट्रेमध्ये फार दिवस राहिले तर मुळे पेल्याच्या भिंतीला धरून गोल गोल फिरतात. तेही बरे नव्हे. रोप वेळेवर हलवलेच पाहिजे.

तुमच्या शाळेतली रोपवाटिका

आता हे सगळे स्वतः पडताळून पाहा. चार प्रकारची मिश्रणे घ्या: (१) चाळलेली काळी माती, (२) जाड वाळू, (३) धुतलेले कोकोपीट, (४) तीन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत. एकाच मापाचे, तळाला भोक असलेले पेले घ्या. प्रत्येक मिश्रणाचे निदान दहा पेले भरा, कारण एकट्या रोपावरून काहीच ठरवता येत नाही. एखादे बी मुळातच किडके असू शकते. उसाचे डोळे मिळाले तर उत्तम, नाही तर मका चालेल. सर्व पेले एकाच जागी ठेवा आणि सर्वांना सारखेच पाणी मोजून घाला.

त्याआधी प्रत्येक मिश्रणातली हवा मोजा. पेल्याचे भोक मेणाने बंद करा. त्यात ठराविक मापाचे मिश्रण भरा. मोजपात्राने हळूहळू पाणी ओता. पृष्ठभागावर पाणी चमकू लागले की थांबा आणि तासभर तसेच ठेवा. पाणी खाली गेले तर आणखी घाला. मग मेण काढून निथळणारे पाणी धरा आणि मोजा. जेवढे पाणी निथळले, तेवढीच हवा आत गेली. समजा, २०० मिलिलिटर मिश्रणातून ३० मिलिलिटर पाणी निथळले, तर हवेची जागा १५ टक्के झाली. रोपांच्या मिश्रणात ती साधारण १० ते २० टक्के असावी, असे मानतात.

मग वहीत रोज नोंद करा. किती उगवले, कोणत्या दिवशी उगवले, उंची किती, पाने किती. तीन आठवड्यांनी रोपे पाण्यात हलकेच धुऊन मुळे पाहा. निरोगी मुळे पांढरी आणि कडक असतात. गुदमरलेली मुळे तपकिरी आणि बुळबुळीत दिसतात. उंचीवरून फसू नका. वर लांबुडके पण खाली मुळे नसलेले रोप शेतात टिकत नाही. आणि हो, प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवायचा. खोडायचा नाही!

तालुक्याएवढा पेला

हा प्रयोग रोपवाटिकेपुरताच नाही. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत कृष्णाकाठी हजारो एकर जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली आहे. वर्षानुवर्षे पाटाचे आणि उपशाचे पाणी गरजेपेक्षा जास्त दिले गेले. भारी काळ्या जमिनीतून त्याचा निचरा झाला नाही, भूजल वर आले, केशाकर्षणाने आणखी वर चढले आणि सुकताना क्षार मागे ठेवून गेले. जमीन फुटांनी खोल आहे खरी, पण पाणी हातभरावर आले की मुळांच्या दृष्टीने ती उथळ पेलाच झाली.

उपायही तोच आहे, जो स्पंजाने दाखवला: पाण्याला खाली जायला उंची मिळवून द्या. म्हणून अशा शेतांत जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाणी नाल्याकडे काढतात. पाण्याची पातळी उतरते, पोकळ्यांत हवा शिरते आणि पावसाच्या गोड्या पाण्याबरोबर क्षारही धुऊन जातात. दुसऱ्या बाजूने संशोधक तग धरणारे वाण शोधत आहेत. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तेथून २००७ मध्ये पुढे आलेला 'फुले २६५' हा ऊस क्षारपड जमिनीतही बऱ्यापैकी येतो. पण कोणताही वाण पूर्ण गुदमरलेल्या मुळांवर उभा राहू शकत नाही. नळ घालायला खर्च येतो, शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र यावे लागते, आणि मुळात पाणी बेताने द्यावे लागते.

तेव्हा तुमच्या घरी शेती असेल तर प्रयोगाची वही घरच्या मोठ्या माणसांना जरूर दाखवा. काळ्या मातीच्या पेल्यातले ते तपकिरी मूळ आणि भुशाच्या पेल्यातले पांढरे मूळ शेजारी शेजारी ठेवा. आणि मग एकच प्रश्न विचारा: आपल्या शेतात पाणी किती खोलवर लागते?